जुन्या निसान वन-टनला इंजेक्शन बसवण्याआधी आणि बसवताना

इंदुरातल्याच एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सैन्याच्या लिलावातून आलेला, जबलपूरच्या कारखान्यात बनलेला निसान वन-टन ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. देपालपूरच्या शेतावरून माल आणण्यासाठी तो आठवड्यातून दोन-तीन वेळा रस्त्यावर येतो. थंडीत सकाळी तो सहजासहजी सुरू होत नाही, आणि मे महिन्यात गुजरीहून मानपूरकडे घाट चढताना मध्येच बंद पडून अर्धा तास थंड केल्याशिवाय पुढे जात नाही. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर दोनदा बदलून झाला. आता एका मित्राच्या सांगण्यावरून प्रत्येक सिलिंडरला एक, असे पेट्रोल फवारणारे सहा इंजेक्टर (विजेवर उघडणाऱ्या झडपा) बसवण्याचा त्यांचा विचार आहे, आणि ते केव्हा व किती वेळ उघडायचे हे ठरवणारा डबा, म्हणजे कॉम्प्युटर, कोणता घ्यावा हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

कॉम्प्युटरचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे नेणार आहे, कारण या कामात सर्वांत कमी त्रास तोच देतो. माझ्याकडे अर्धवट सोडून आणलेली जी इंजेक्शनची कामे आली, त्यांपैकी बहुतेकांत डबा चांगला होता. अडचण असायची ती पेट्रोलच्या वाटेत, हवेच्या गळतीत किंवा अर्थच्या (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या) तारेत.

आधी तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करू. घाटात गाडी बंद पडणे हा कार्बोरेटरचा दोष नाही, म्हणून तो दोनदा बदलूनही फरक पडला नाही. इंजिनवर बसवलेला यांत्रिक पंप पेट्रोल टाकीतून ओढून आणतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, संथ चढणीवर, एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या नळीत त्या कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री पंपावर ओले फडके गुंडाळतात ते याचसाठी. पंप टाकीजवळ आणून पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलले की ही तक्रार बहुतांशी संपते, आणि त्यासाठी इंजेक्शन बसवण्याचीही गरज नसते. तुमची खरी अडचण एवढीच असेल, तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेवरचा पंप बसवून, नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन, एक उन्हाळा पाहा. अर्ध्या लोकांचे काम इथेच होते, आणि माझे गिऱ्हाईक कमी झाले तरी मी हे आधी सांगतो.

सकाळच्या त्रासाचे आणि एकूणच ओढ कमी झाल्याचे कारण मात्र दुसरे आहे, आणि तिथे इंजेक्शनचा उपयोग आहे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरते जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग हवा पुरते. तुमच्या कार्बोरेटरची जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेली आहे, म्हणून आज तीच जेट इंजिनाला सात-आठ टक्के कमी इंधन देते आहे. गरम इंजिन ते कसेबसे चालवून घेते, पण थंडीत, जिथे आधीच जादा इंधन लागते, तिथे ते उघडे पडते. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरते. तुमच्या जुन्या कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोलचा छोटा साठा राहतो ती कुपी) उघडून तळ बोटाने पुसून पाहा: पांढरी, टाल्कम पावडरीसारखी भुकटी बोटाला लागली, तर ती जस्ताच्या ओतकामाला ओल्या इथेनॉलने लावलेली वाळवी आहे, आणि तिचेच कण स्लोच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते त्या वेळच्या) जेटमध्ये अडकतात. जेट वाढवून मिश्रण सुधारता येते. ही भुकटी थांबवता येत नाही.

तेव्हा इंजेक्शन करायचे ठरले असे धरून पुढे लिहितो. डबा विकत घेण्यापूर्वी इंजिन तपासा. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. आकडा जुन्या इंजिनाला साजेसा कमी असला तरी चालेल, पण सहांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट बरोबर लावा. मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाइपांचा संच) कुठून चोरटी हवा घेतो का, ते पाहा. कार्बोरेटरवर चालणारे इंजिन थोडी चोरटी हवा खपवून घेते, इंजेक्शनवर तीच हवा सगळा हिशेब बिघडवते. झिजलेल्या व्हॉल्व्हवर आणि कुजलेल्या गॅस्केटवर इंजेक्शन बसवले, तर तुम्ही पुढचे सहा महिने लॅपटॉपवर असा रोग शोधत बसाल जो पान्याने बरा होणार होता.

आता पेट्रोलची वाट. खर्चाचा आणि वेळेचा निम्मा भाग इथे जाणार, हे आधीच मनाशी धरा. तुमच्या कार्बोरेटरला ०.२ ते ०.३ बार दाब पुरत होता. इंजेक्टरला साधारण ३ बार लागतो, म्हणजे दहापट. कार्बोरेटरसाठीची रबरी नळी या दाबावर फुटते, आणि फुटली तर पेट्रोल थेंबांनी न गळता फवाऱ्याने गरम एक्झॉस्टवर जाते. म्हणून नळी इंजेक्शनसाठीचीच घ्या, इथेनॉलला टिकणारी घ्या, आणि लांबचा टप्पा आठ मिलीमीटरच्या पोलादी पाइपाने काढा. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा असतो, पण ट्रकच्या चेसिसच्या थरथरीने तो कालांतराने तडकतो. दात कापलेल्या क्लिपा रबर चिरतात. त्याऐवजी गुळगुळीत पट्टीच्या, इंजेक्शनसाठी मिळणाऱ्या क्लिपा वापरा.

टाकी उतरवून आत टॉर्च मारा. तीस-चाळीस वर्षांच्या टाकीच्या तळाशी गंजाचा चिखल असतो, आणि इथेनॉल तो सोडवून पुढे पाठवते. टाकी धुवा, पण तिच्यावर वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पंपाच्या आधी जाडसर, साधारण शंभर मायक्रॉनची जाळी आणि पंपानंतर दहा मायक्रॉनचा फिल्टर, हा क्रम ठेवा. बारीक फिल्टर आधी लावण्याची चूक फार होते, आणि मग पंप ओढता ओढता वाफ करतो, म्हणजे ज्या रोगातून निघालो त्याच रोगात पुन्हा पडतो.

या टाकीत आतून आडव्या भिंती नसल्याने वळणावर आणि चढावर पेट्रोल एका बाजूला जाते. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये तेवढा वेळ निभावण्यापुरता साठा असतो, इंजेक्शनला तो नसतो. क्षणभर हवा आली की इंजिन धक्का मारते. उपाय म्हणजे दीड-दोन लिटरची छोटी मधली टाकी: कमी दाबाचा पंप मुख्य टाकीतून ती कायम भरलेली ठेवतो, जास्त दाबाचा पंप तिच्या तळातून पेट्रोल घेतो, दाब कायम ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून परत येणारे पेट्रोल तिच्यातच येते, आणि जास्तीचे वरच्या नळीने मुख्य टाकीत जाते. पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडवरचा कोणताही चांगला खरादवाला ती बनवून देईल. वेल्डिंग झाल्यावर ती पाण्यात बुडवून हवेच्या दाबावर तपासून घ्या. जुना यांत्रिक पंप काढल्यावर इंजिनावरचे भोक पट्टी आणि गॅस्केटने बंद करायला विसरू नका, नाहीतर ऑइल बाहेर येईल.

सहा इंजेक्टरांबद्दल माझे मत मित्रापेक्षा वेगळे आहे. तुमचा मॅनिफोल्ड बिडाचा आहे. त्यात सहा भोके अचूक कोनात पाडून, त्यांत बैठका पितळी झाळून बसवणे, एकही तडा न जाऊ देता, हे काम होते, पण चुकले तर दुसरा मॅनिफोल्ड शोधत फिरावे लागते. बऱ्याच जुन्या सहा सिलिंडर इंजिनांत तर दोन सिलिंडरांना मिळून एकच इनटेकचे दार असते, शेव्हरोलेची जुनी इंजिने हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा हेडवर दाराशी लावलेला इंजेक्टर एका सिलिंडरला जास्त आणि शेजाऱ्याला कमी देतो. मॅनिफोल्ड उतरवाल तेव्हा तुमच्या हेडची दारे मोजा. मी तुम्हाला सुचवतो तो मार्ग असा: कार्बोरेटरच्या जागी ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवा, त्यात चार इंजेक्टर खाली आणि आत तोंड करून लावा, आणि त्या ठोकळ्यावर एखाद्या मोटारीचा थ्रॉटल बॉडी (पायाने उघडणारी हवेची झडप), त्याच्या थ्रॉटल सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्हसकट. मॅनिफोल्ड तसाच राहतो. एक्झॉस्टची उष्णता मॅनिफोल्डच्या तळाला मिळण्याची जुनी सोय असेल तर ती अजिबात बंद करू नका, कारण या पद्धतीत पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीवरून ओले वाहते आणि ती उष्णताच त्याची वाफ करते. सहा इंजेक्टरांइतकी समान वाटणी यात मिळत नाही, हे कबूल. पण कार्बोरेटरपेक्षा वाईट मिळत नाही, आणि बिघडले तर एका दुपारी जुना कार्बोरेटर परत चढवता येतो.

आकाराचा हिशेब स्वतः करून पाहा, दुकानदारावर सोडू नका. १२० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ९० किलोवॅट, ही वरची मर्यादा धरा. अशा इंजिनाला दर किलोवॅट-तासाला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल लागते, म्हणजे तासाला २७ किलो, म्हणजे सुमारे ३७ लिटर, म्हणजे मिनिटाला ६१५ मिलीलिटरच्या आसपास. इथेनॉलसाठी आठ टक्के वाढवा, आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून ०.८ ने भागा: मिनिटाला ८३० मिलीलिटर. चार इंजेक्टर असतील तर प्रत्येकी २१० च्या जवळपास. जुन्या बाजारातून घेतलेले इंजेक्टर सफाईच्या दुकानातल्या टेस्ट-बेंचवर नेऊन, चार काचेच्या नळ्यांत चारांची पातळी शेजारी शेजारी पाहा; पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असलेला परत करा. मीटरने त्यांचा रोधही मोजा. बारा ते सोळा ओहम असेल तर कॉम्प्युटरमधला साधा ड्रायव्हर (इंजेक्टरला वीज सोडणारा भाग) चालतो. दोन-तीन ओहमचे असतील तर थेट जोडू नका, ड्रायव्हर जळतो. थ्रॉटलच्या बाबतीत मोठे ते चांगले, हा समज सोडा. हे इंजिन मिनिटाला ३४०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ९० लिटर हवा घेते, आणि त्याला पन्नास-पंचावन्न मिलीमीटरचा थ्रॉटल भरपूर होतो. त्यापेक्षा मोठा लावला तर पायाचा अंगठा हलला की ट्रक उडी मारेल.

विजेच्या कामाबद्दल सांगताना माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका पेट्रोल जीपला इंजेक्शन बसवले. वर्कशॉपमध्ये उत्तम, रस्त्यावर उत्तम, आणि मालक तिसऱ्या दिवशी सांगत आले की रात्री गाडी काळा धूर सोडते. दिवसा काही सापडेना. शेवटी संध्याकाळी मी शेजारी बसलो. त्यांनी हेडलाइट लावले, आणि लॅपटॉपवर पाण्याचे तापमान ८४ वरून थेट ६५ वर उतरले. पाणी अर्थातच तेवढेच गरम होते. तापमानाच्या सेन्सरचा अर्थ मी मडगार्डच्या बोल्टवर दिला होता, आणि त्याच मडगार्डमधून हेडलाइटचा प्रवाह परत जात होता. गंजलेल्या जोडात तिथे एक तृतीयांश व्होल्ट चढत होता. गरम सेन्सरवर मुळात अर्धाच व्होल्ट असतो, म्हणून कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटायचे आणि तो इंधन वाढवायचा. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. सर्व सेन्सरांचे अर्थ कॉम्प्युटरच्या सेन्सर-अर्थच्या पिनेवरच परत आणायचे, कॉम्प्युटर आणि इंजेक्टरांचा मुख्य अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी द्यायचा, आणि बॉडीच्या पत्र्यावर काहीही द्यायचे नाही.

बॅटरी आधी मोजा. सैन्यातून आलेल्या गाड्यांत १२ आणि २४ व्होल्ट दोन्ही आढळतात, आणि हे सगळे सामान १२ व्होल्टचे आहे. डायनेमो असेल तर अल्टरनेटर लावा, कारण दोन पंप, इंजेक्टर आणि गरम होणारा ऑक्सिजन सेन्सर यांचा भार स्लोवर डायनेमो पेलत नाही. ठिणगीसाठीचे पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या भागात) हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकावरून फेऱ्या ओळखणारा सेन्सर, बसवा. ठोकळ्याच्या पद्धतीत कॉम्प्युटरला कोणता सिलिंडर कुठे आहे हे कळण्याची गरज नसते, फेऱ्यांचा स्वच्छ संकेत पुरतो, त्यामुळे क्रँकवर दातांचे चाक बसवण्याची खटपट तूर्त वाचते आणि ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारा जुना यांत्रिक ॲडव्हान्स तसाच वापरता येतो. प्लग आणि प्लगच्या तारा मात्र रोध असलेल्याच हव्यात. साध्या तांब्याच्या तारांचा गोंगाट कॉम्प्युटरला खोट्या फेऱ्या मोजायला लावतो. पंपाची रिले कॉम्प्युटरकडून चालवा, म्हणजे इंजिन थांबले की पंप थांबेल, आणि धडकेत प्रवाह तोडणारा इनर्शिया स्विच तिच्या वाटेत ठेवा.

राहिला कॉम्प्युटर. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट, दोन्ही या कामाला पुरेसे आहेत. ज्याच्यावर काम केलेला माणूस तुमच्या ओळखीत आहे, तो घ्या. दोघेही मॅनिफोल्डचा दाब, हवेचे तापमान आणि फेरे यांवरून इंधन ठरवतात. दाबाचा सेन्सर बरोबर आहे का, हे इंजिन सुरू न करताच कळते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून चावी फिरवून इंजिन बंद असताना आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. १०१ दिसला तर कॅलिब्रेशन चुकले आहे. हाच ट्रक वडोदऱ्याला नेलात तर आकडा १०० च्या जवळ जाईल आणि कॉम्प्युटर इंधन आपोआप वाढवेल. कार्बोरेटरला ही समज नव्हती.

ऑक्सिजन सेन्सर वाइडबँडच (मिश्रण किती पातळ किंवा जाड आहे हे आकड्यात सांगणारा) घ्या. तो एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून अर्ध्या मीटरच्या अंतरावर, एक्झॉस्टच्या पाइपाच्या वरच्या अंगाला, थोडा तिरका बसवा, म्हणजे पाणी त्याच्यावर पडणार नाही. त्याच्या आधीच्या जोडात गळती असेल तर तो बाहेरची हवा मोजून मिश्रण पातळ आहे असे सांगेल. इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात. हा सेन्सर हवा-इंधनाचे प्रमाण मोजत नाही, लॅम्डा मोजतो, म्हणजे इंधन पुरते जळायला लागते तिच्या तुलनेत हवा किती आहे ते: १ म्हणजे नेमकी, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, मिश्रण जाड. पेट्रोलसाठीचा मीटर इथेनॉलच्या मिश्रणावरही लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतो, म्हणून साडेतेरावर आणण्याच्या नादात लोक इंजिन विनाकारण जाड चालवतात. मीटर लॅम्डावर ठेवा: स्लोवर ०.९५, सपाट रस्त्यावर १, आणि घाटात पूर्ण थ्रॉटलवर ०.८८ च्या आसपास.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी कॉइलची तार काढून पंप चालवा, दाब ३ बारवर येऊ द्या आणि दहा मिनिटे प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. अग्निशामक हाताशी हवा, कोपऱ्यात नव्हे. गाडी गरम झाल्यावर कॉम्प्युटरमधला तक्ता (कोणत्या फेऱ्यांना आणि दाबाला किती इंधन द्यायचे ते आकडे) भरायला घ्या. घाटाचा भाग शेवटी, आणि शेजारी दुसरा माणूस चालवत असेल तेव्हाच.

आरटीओबद्दल: मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. तुमच्या बदलात इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधन तेच राहते, तरीही काम सुरू करण्याआधी कार्यालयातून लेखी विचारून ठेवा. पीयूसीची काळजी करू नका. इतक्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि नीट लावलेले इंजेक्शन तिच्या बरेच खाली राहते.

वेळेचे गणित मात्र आतापासूनच करा. गरम इंजिनाचा तक्ता दोन-तीन दिवसांत भरतो, पण थंड सुरुवातीचे आकडे दिवसाला एकदाच तपासता येतात, कारण इंजिन एकदा सुरू झाले की पुन्हा थंड व्हायला रात्र जावी लागते. तुमची तक्रार थंडीचीच आहे, आणि इंदुरात आठ-दहा अंशांच्या सकाळी डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. म्हणून पेट्रोलची वाट आणि वायरिंग दिवाळीपर्यंत पुरी करा, आणि थंडीत रोज सकाळी, चहाच्या आधी, ट्रक एकदा सुरू करून आकडा लिहून ठेवा.